प्रश्न वाचकांचे : मोहाची वाट, निस्तारपत्रक आणि १२० तासांची इंटर्नशिप

पर्यावरण, वन्यजीव आणि त्यांच्या शेजारी राहणारी माणसे यांविषयी शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी इंटर्नशिप कोठे व कशी करावी, याबद्दल प्रश्न पाठवण्याचे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे विदर्भाच्या ग्रामीण भागातील आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. इतरांच्या शंका त्यांतच सामावून घेतल्या आहेत.

प्रश्न : मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असून समाजशास्त्र आणि भूगोल हे माझे विषय आहेत. महाविद्यालयाने १२० तासांची इंटर्नशिप सक्तीची केली आहे. वर्गातील बहुतेक मुले पतसंस्थेत किंवा सेतू केंद्रात बसून तास भरणार आहेत. आमच्या गावाभोवती वाघाचा वावर आहे आणि मोहाच्या दिवसांत परिसरात कोणावर हल्ला झाल्याची बातमी आली नाही, असे वर्ष आठवत नाही. याच विषयावर काम करावे असे वाटते, पण मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मला तेथे काही काम असेल का?
— एक विद्यार्थिनी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : काम आहे, आणि तुमच्या तालुक्यात तर ते प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा तुमच्यासाठीच जास्त शिल्लक आहे. वाघ किती आहेत आणि ते कोणत्या वाटांनी फिरतात, हे कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) लावून मोजण्याची पद्धत ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आणि त्याबाहेरच्या ब्रह्मपुरी वनविभागातही आता रुळली आहे. मोह वेचणारी बाई उजाडण्यापूर्वी त्याच वाटेने का निघते, हे शोधायला मात्र तिच्याजवळ बसावे लागते. जंगलावर हक्क कोणाचा, संवर्धनाचा भार कोणाच्या अंगावर पडतो, निर्णय कोण घेतो, नियम कोण पाळतो आणि जो मोडतो तो कशामुळे मोडतो, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे संवर्धनाचे सामाजिक शास्त्र. नाव जड आहे, पण विषय तुमच्या अंगणातला आहे.

मोहाचेच पाहा. फूल रात्री आणि पहाटे गळते. उशीर केला तर ते गुरे खातात, हरणे खातात किंवा दुसरे कोणी वेचून नेते, म्हणून लवकर जाणे भाग असते. मार्च-एप्रिलचा मोह आटोपतो तोच मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. सकाळी पाने तोडायची, दुपारी ७० पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे, असा तो दिवस असतो. राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना स्वयंपाकाचा गॅस देण्याची तरतूद आहे, जेणेकरून सरपणासाठी जंगलात जाणे कमी व्हावे. हा विचार योग्यच होता. परंतु गॅसमुळे सरपणाची फेरी टळते, मोहाची टळत नाही, कारण मोह हा त्या घरातला रोख पैसा आहे. दुसऱ्या टोकाला, वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास २०२३ पासून कुटुंबाला २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य मिळते. एक योजना चुलीसाठी आहे आणि एक मृत्यूनंतरची. या दोहोंच्या मधली ती पहाट, जोखीम माहीत असूनही घराबाहेर पडण्याचा तो निर्णय, कोणत्याही फायलीत सापडत नाही. तुमचे १२० तास तेथे खर्च करा.

प्रत्यक्षात असे करता येईल. गावातील निरनिराळ्या टोल्यांवरची २५ ते ३० कुटुंबे निवडा आणि प्रत्येक घरी महिन्यागणिक जंगलातून काय आले, कोण गेले, किती वाजता गेले, एकटे की सोबतीने, माल कोणाला आणि काय भावाने विकला, याची नोंद करा. भूमिहीन घरे आणि पाच एकरांची घरे यांतला फरक तुम्हांला तक्ता पूर्ण होण्याआधीच दिसू लागेल. पुरुषांचे प्रश्न वेगळे आहेत, ते विसरू नका. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून धान राखण्यासाठी रात्रभर जागल करावी लागते, आणि ज्याला जागल झेपत नाही तो कधी कुंपणात वीजप्रवाह सोडतो. त्या तारेला चिकटून वाघही मेले आहेत आणि माणसेही. तो शेतकरी वाघाचा वैरी असतोच असे नाही, पण हे त्याच्याशी बोलल्याशिवाय ठरवता येत नाही.

हंगाम मात्र सांभाळा. माझ्या पहिल्या सर्वेक्षणाला मी साठ प्रश्नांचा छापील तक्ता घेऊन ऐन रोवणीत, म्हणजे धानाची रोपे लावण्याच्या दिवसांत, एका गावी गेलो होतो. चिखलात उभ्या असलेल्या बायका मान वर न करता प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होत्या. शेवटी त्यांतली एक म्हणाली, ‘‘दादा, तुमचा कागद ओला होऊन रायला, रोवणा आटपू द्या अन् मंग या.’’ ते सगळे तक्ते मला बाद करावे लागले. महाविद्यालयाची सुटी मे-जूनमध्ये येते आणि पाऊस लागला की धानाच्या पट्ट्यात कोणालाही उसंत नसते. तेव्हा विभागप्रमुखांना विनंती करून काही तास मोहाच्या दिवसांत आणि उरलेले धान निघाल्यानंतर, डिसेंबर-जानेवारीत, असे विभागून घेता आले तर उत्तम.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगतो. आपल्याच गावात अभ्यास करताना ओळखीचा जेवढा फायदा होतो तेवढीच ती आडही येते. तुमचे वडील, काका किंवा आजोबा गावात कोण आहेत, यावर लोक तुमच्याशी काय बोलतील हे ठरते. वनहक्काच्या पट्ट्यावरून ज्या घराशी तुमच्या घराचे पटत नाही, ते घर तुमच्या यादीतून नकळत गळेल. म्हणून शक्य असल्यास वर्गमैत्रिणीशी गावांची अदलाबदल करा. तिने तुमच्या गावी यावे, तुम्ही तिच्या गावी जावे आणि दर आठवड्याला दोघींनी एकमेकींच्या नोंदी वाचाव्यात.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे. पर्यावरण विषयातील इंटर्नशिपसाठी निवड झाल्याचे पत्र तिला मोबाईलवर आले. संस्था नोंदणीचे पाच हजार रुपये मागते आणि घरबसल्या प्रमाणपत्र देऊ म्हणते. दुसरीकडे तिच्या शिक्षिका म्हणतात की तलावांवर प्रत्यक्ष काम कर. बाहेरगावी एकटीने फिरणे आम्हांला बरे वाटत नाही. काय करावे?
— एक पालक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : पैसे भरू नका. शिकणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला देण्याची ऐपत प्रत्येक संस्थेची नसते, हे समजण्यासारखे आहे. राहण्या-जेवणाचा खर्च विद्यार्थ्यावर पडतो हेही खरे. पण काम न करता प्रमाणपत्र मिळण्यासाठी जी रक्कम मागितली जाते, तिला खरेदी म्हणतात.

शिक्षिकाबाईंचा सल्ला मला पटला. तुमचा तालुका माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या तलावांचा आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानासाठी बांधलेले हे तलाव आज सिंचन, मासेमारी, शिंगाडा, स्थलांतरित पक्षी आणि गाळ अशा अनेक प्रश्नांच्या गुंत्यात आहेत. पाणी शेतकऱ्याला हवे, ते तळाशी थोडे तरी राहावे असे मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना हवे, आणि पाटाचे दार कधी उघडायचे हे ठरवणारा तिसराच असतो. तुमच्या मुलीने एकच तलाव घ्यावा आणि वर्षभरात पाण्याबाबत कोणी कोणते निर्णय घेतले, ते मासेमारी संस्थेच्या नोंदवहीतून आणि जाणत्या ढिवर स्त्री-पुरुषांकडून जुळवावे. जंगलावर अवलंबून असणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलाशयातील इतर उपजांवरील सामूहिक हक्कांचाही उल्लेख आहे. तो आपल्या तलावाला लागू होतो का, हा तिच्या अहवालातला स्वतंत्र भाग होऊ शकेल.

सुरक्षिततेची तुमची काळजी रास्त आहे. काम स्वतःच्या तालुक्यात असल्याने मुक्कामाचा प्रश्न फारसा येणार नाही. आला तर गावातील अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांच्या घरी सोय होते का, हे शिक्षिकांमार्फत आधी पाहावे. उजाडण्यापूर्वी आणि अंधार पडल्यावर काठाकाठाने फिरू नये, जंगलालगतच्या तलावावर तर एकटीने दिवसाही जाऊ नये. शक्य असल्यास तुम्ही एक दिवस तिच्यासोबत जा. ढिवर मोहल्ल्यात वडीलधाऱ्या माणसांशी तुमची ओळख झाली की तिचे निम्मे काम सोपे होईल.

प्रश्न : मी नागपूरला विधी शाखेत शिकतो, मूळ गाव उमरेड तालुक्यात. मला पर्यावरण धोरणात काम करायचे आहे. परंतु धोरणे दिल्ली-मुंबईत ठरतात, त्यामुळे इंटर्नशिपही तेथेच करावी लागेल, असे सगळे सांगतात. दिल्लीत दोन महिने राहण्याचा खर्च मला झेपणार नाही. इकडे राहून धोरण शिकता येते का?
— एक विद्यार्थी, जि. नागपूर

उत्तर : दिल्लीला जाता आले तर जरूर जा, त्यात वाईट काही नाही. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ तर पुण्यातच आहे. तेथे वकिली करणाऱ्या एखाद्या वकिलांच्या हाताखाली महिनाभर काम केले तरी याचिका कशी उभी राहते ते कळेल. नागपुरातही काही कमी नाही : महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आणि १९५८ पासून कार्यरत असलेली नीरी ही राष्ट्रीय संशोधन संस्था तुमच्या वसतिगृहापासून शहर बसच्या अंतरावर आहेत. तरीही माझे मत विचाराल तर पहिली इंटर्नशिप तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात करावी.

त्याचे कारण असे की धोरण जेथे लिहिले जाते तेथे ते सुबक दिसते, आणि जेथे ते जुन्या कागदाला धडकते तेथे ते समजते. पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ हा शब्द घ्या. मध्य प्रांताच्या काळातील महसुली नोंदींतून आलेल्या या शब्दाचा व्यवहारातला अर्थ गुरे चारण्याची, काट्याकुट्यांची, शेतीला निरुपयोगी जमीन एवढाच होता. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, त्यानंतर १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ‘वन’ या शब्दाची व्याप्ती वाढवली, आणि ज्या जमिनीवर घरे, शाळा, कचेऱ्या, दफनभूमी उभ्या होत्या ती कायद्याच्या नजरेत वन आहे की नाही, हा वाद कित्येक दशके लोंबकळत राहिला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच असल्याचे स्पष्ट केले. १९९६ च्या त्या तारखेपूर्वी झालेल्या वाटपांसाठी नियमिततेची स्वतंत्र वाट ठेवली. आता आपल्या गावचा सातबारा आणि निस्तारपत्रक काढा, झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या प्रत्येक गटावर आज प्रत्यक्ष काय आहे ते चालत जाऊन पाहा आणि नकाशावर उतरवा. एवढे केलेला विद्यार्थी त्या निकालाबद्दल जे बोलू शकेल, ते केवळ निकाल वाचलेल्याला बोलता येणार नाही.

निस्तारपत्रक हा शब्द तुमच्या वर्गात फारसा निघत नसावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये त्याची तरतूद आहे आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची. गावकऱ्यांनी कोणत्या जमिनीवर गुरे चारावीत, सरपण कोठून आणावे, वाट कोठून असावी, पाणी कोणी वापरावे, हे त्यांत लिहिलेले असते. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाल्यानंतर सामूहिक दावे दाखल करताना अनेक गावांना याच जुन्या कागदांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. प्रत मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने तो इंटर्नशिपच्या आधीच करावा, नाहीतर तुमचे तास संपतील आणि उत्तर नंतर येईल.

गावातून धोरण बदलत नाही, हेही तितकेसे खरे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणारे हेच गाव. हक्क मिळाला तरी बांबू विकण्याची अडचण उभी राहिली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार बांबू हे झाड, तर वनहक्क कायद्यानुसार ते गौण वनोपज (मोह-तेंदूसारखी, इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी उपज), आणि वाहतूक परवाना कोण देणार यावर सगळे अडले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वनाबाहेर वाढणारा बांबू १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून निघाला तो २०१७ मध्ये. योगायोग असा की ज्या वर्षी मेंढ्याला हक्क मिळाला त्याच २००९ मध्ये, सामाईक संसाधने लोक आपसांत नियम करून कशी टिकवतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे लेखन जरूर वाचा. पण त्याआधी एखाद्या ग्रामसभेची उपस्थिती नोंदवही चाळा : वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असे नियम सांगतो, तर बैठकीला प्रत्यक्ष किती जणी आल्या, त्यांतल्या किती बोलल्या आणि ठरावात त्यांचे म्हणणे उतरले का?

उमरेड भाग कोळशाचा आहे, म्हणून एक काम खास तुमच्यासाठी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध होते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. अशी सुनावणी जवळपास लागली तर सारांश आधी मिळवून वाचा, मंडपात शेवटपर्यंत बसा आणि प्रत्येक वक्त्याचे म्हणणे स्वतः टिपा. काही दिवसांनी अधिकृत इतिवृत्त मिळवून आपल्या टिपणाशेजारी ठेवा. काय गळले, काय मऊ झाले, कोणाचे ‘आक्षेप’ हे ‘सूचना’ झाले, हे ओळीने मांडलेत तर पाच पानांचा तो कागद कोणत्याही मोठ्या संस्थेकडे अर्ज करताना तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा अधिक वजनाचा ठरेल.

प्रश्न : मी धारणी तालुक्यातील कोरकू समाजाचा विद्यार्थी असून समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. बाहेरच्या संस्था इंग्रजीत अर्ज आणि अहवाल मागतात. माझी इंग्रजी कच्ची आहे. शिवाय आमच्या भागात संशोधक सतत येतात, प्रश्न विचारतात, फोटो काढतात आणि निघून जातात. लोक आता कंटाळले आहेत. मी त्यांच्यासारखाच होईन अशी भीती वाटते.
— एक विद्यार्थी, जि. अमरावती

उत्तर : इंग्रजीचा प्रश्न आधी संपवू. अर्ज एका पानाचा असावा : मी कोठला, मला कोणता प्रश्न पडला आहे, तो पडण्याचे कारण काय, आणि तुमच्या संस्थेत मला काय शिकायचे आहे. हे आधी मराठीत लिहा, नंतर इंग्रजीच्या शिक्षकांकडून भाषांतर तपासून घ्या. ‘मला निसर्गाची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. ते प्रत्येक अर्जात असते. मला कोरकू येते, हे मात्र पहिल्या चार ओळींत आले पाहिजे.

कारण तुमच्या भागात भाषेने सत्य बदलते. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तेथील अनेक गावांचे पुनर्वसन अकोट-तेल्हारा भागात झाले आणि कायद्याप्रमाणे हे पुनर्वसन ऐच्छिक असावे लागते. कुटुंबामागे मिळणारी रक्कम आधी १० लाख रुपये होती, ती २०२१ मध्ये १५ लाख झाली. तरीही काही पुनर्वसित कुटुंबे पुन्हा जुन्या गावठाणात जाऊन बसल्याचे प्रसंग घडले आहेत. ‘आपण स्वेच्छेने आलात का?’ असे मराठीत विचारून हो-नाहीच्या चौकटीत खूण केली, तर बहुतेक वेळा ‘हो’ येईल. तेच म्हाताऱ्या आजीला कोरकूत, घाई न करता, ‘निघायच्या आदल्या रात्री घरात काय बोलणे झाले?’ असे विचारले तर तिला होकारामागचे सगळे सांगता येईल : कोण तयार होते, कोण नव्हते, दवाखाना आणि शाळेची ओढ किती होती, देव कोठे ठेवायचा यावर काय ठरले. दुभाष्यासोबत आलेल्या संशोधकाला हे मिळत नाही.

लोक कंटाळले आहेत, ही तुमची नोंद माझ्या मते अभ्यासाची योग्य सुरुवात आहे. पहिल्या भेटीत प्रश्नावली नेऊच नका. ग्रामसभेत उभे राहून आपण कोण, कशासाठी आलो, माहितीचे काय करणार, आणि यातून योजना किंवा पैसा मिळणार नाही, हे स्पष्ट सांगा. नकार देणाऱ्याचा नकार मानून घ्या आणि पुन्हा त्याच्या दारी जाऊ नका. याआधी आलेल्यांपैकी कोणी काही परत पाठवले का, हेही विचारा. बहुधा गावात एखाद्या जुन्या अहवालाची प्रत कोणाच्या तरी पेटीत निघेल, नाहीतर काहीच निघणार नाही.

मग लिहिण्याचे पथ्य. जंगलाजवळच्या गावात माणसे विश्वासाने बऱ्याच गोष्टी सांगतात : मोहाची दारू कोण गाळतो, कोणाचे वावर वनजमिनीवर पुढे सरकले आहे, कोणी फासा लावला होता. तुमच्या वहीत नावासह उतरलेली अशी ओळ उद्या एखाद्याला ठाण्याची पायरी चढायला लावू शकते. म्हणून नावांऐवजी क्रमांक वापरा, क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत घरी ठेवा, लहान गावाचा उल्लेख करताना ‘तीन मुलांची विधवा’ असे वर्णनही टाळा, कारण गावात तशी एकच असते. वही दाखवा असे कोणत्याही खात्याच्या माणसाने म्हटले, तर आधी मार्गदर्शक प्राध्यापकांना कळवा. फोटो विचारून काढा, आणि लहान मुलांचे काढूच नका.

अहवालाच्या दोन आवृत्त्या करा. महाविद्यालयासाठीची लांब असू द्या. गावासाठीची मराठीत चार पानांची, मोठ्या अक्षरांत, एका नकाशासह करा आणि ग्रामसभेत कोरकूत समजावून सांगा. लोक चुका काढतील. त्या तेथेच दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्त केलेली प्रत सचिवांकडे रीतसर दाखल करून आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख लिहून घ्या. महाविद्यालयात तास मोजताना ग्रामसभेचा तो दिवसही धरला जावा, असे मार्गदर्शकांकडून आधीच लेखी ठरवून घ्यावे, कारण हजेरीच्या तक्त्यात त्याच्यासाठी सहसा रकाना नसतो.